शटरची घरं

घराचं दुकान करून द्या म्हणणारी माणसं मला नोकरीभर भेटली. दुकानाचं घर करून द्या म्हणणारा एकच भेटला. या अंकासाठी नोकरीतलं काही लिहा असं सांगणं आलं तेव्हा गमतीचे किस्से पुष्कळ आठवले, पण लिहायला बसलं की तो एकच माणूस आणि त्याची ती एकच इमारत समोर येते. तेव्हा तीच सांगते. गावाचं नाव लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. माझं तेवढं बदललेलं नाही.

मी नगरपरिषदेत रचना सहायक होते. हे पद सांगितलं की समोरचा विचारतो, म्हणजे नक्की काय? माझी आई बाभुळगावात शेजारणींना "पुष्पा नकाशे पास करते" एवढंच सांगायची आणि ते फारसं चूक नव्हतं. गावात कुणाला काही बांधायचं असलं की त्याचा नकाशा आमच्या टेबलावर येतो. रस्त्यापासून किती जागा सोडली, जिना किती रुंद आहे, खिडकी कुठे उघडते, संडासाला हवा कुठून मिळते, हे आम्ही बघतो. मग जागेवर जाऊन टेप लावायचा. कागदावर आणि जागेवर एकच गोष्ट दिसली तर सही करायची. ती क्वचितच दिसते. एका गृहस्थांनी नकाशात घरापुढे बाग दाखवली होती, जागेवर गेले तर बागेत पिठाची गिरणी चालू. "बाग मंग करू, मॅडम," ते म्हणाले, "सध्या गिरनीच लावली." दुसऱ्या एकानं जिन्याखाली देवघर दाखवलं होतं आणि देवघरात सलूनची खुर्ची होती, तिच्यावर गिऱ्हाईकही बसलं होतं, अर्ध्या दाढीचं.

राहत्या घराचं दुकान किंवा दुकानाचं घर करायचं तर वापरबदलाची परवानगी लागते. लोकांना वाटतं, भिंती त्याच, छप्पर तेच, यात परवानगी कसली? पण दुकानात माणूस दिवसा असतो आणि कुलूप लावून जातो. घरात तो झोपतो, आजारी पडतो, तिथे चूल पेटते, तिथे मूल रांगतं. म्हणून घराला उजेड, हवा आणि बाहेर पडायची वाट जास्त लागते. नियमांच्या पुस्तकात हे शंभर पानांत लिहिलंय. मी ते वर्षानुवर्षं पाठ म्हणत आले आणि एकेक खिडकी मागून घेत आले. त्याचा मला अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

प्रभाकरराव गुंडावार हे गावातले कापडाचे जुने व्यापारी. नवं बसस्थानक गावाच्या पूर्वेला जाणार असं सगळे म्हणत होते, त्या काळात त्यांनी तिकडे तीन मजली व्यापार संकुल बांधलं. प्रत्येक मजल्यावर मधून एक बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना शटरचे गाळे. बसस्थानक काही तिकडे गेलं नाही. खालच्या मजल्यावर मेडिकल, झेरॉक्स, हार्डवेअर अशी दोन-चार दुकानं तगली, कारण समोर सरकारी दवाखाना होता. वरचे दोन मजले मात्र रिकामेच राहिले. लोक त्या इमारतीला 'बंद बाजार' म्हणायला लागले.

पण रिकामी जागा रिकामी राहत नाही. हळूहळू वरच्या गाळ्यांत माणसं राहायला आली. भाड्याची खोली मिळत नव्हती, मिळाली तर परवडत नव्हती, आणि काहींना त्यांचं आडनाव ऐकून मिळत नव्हती. हे शेवटचं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी "मेश्राम का?" असं विचारून दोन घरमालकांनी मलाही खोली भरली असल्याचं सांगितलं होतं. गुंडावारांनी मात्र कुणाला आडनाव विचारलं नाही. चार कुटुंबं तिथे राहत होती आणि नगरपरिषदेला ते माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण कागदावर नव्हतं.

कागदावर आलं ते एका मे महिन्यातल्या दुपारी. देवतळे गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. उन्हाची झळ नको म्हणून त्यांनी शटर वीतभर उघडं ठेवून खाली ओढलेलं होतं. गॅसच्या नळीनं पेट घेतला. गुरुजी शटरकडे धावले, तर स्प्रिंग तुटून ते जाम झालेलं. पलीकडच्या गाळ्यात शेवंताबाई राठोड पोळ्या लाटत होती. तिनं लोखंडी सब्बल आणली, शटरखाली घातली, अंगाचा भार टाकून ते हातभर उचललं आणि गुरुजींना पाय धरून बाहेर ओढलं. गुरुजींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, पण जीव वाचला. दुसऱ्या दिवशी खालच्या एका दुकानदारानं नगरपरिषदेत अर्ज दिला की वर धोकादायक पद्धतीनं लोक राहतात, कारवाई व्हावी. तो अर्ज माझ्याकडे आला.

मी जागेवर गेले. बोळात दिवसासुद्धा ट्यूबलाइट. शेवंताबाईच्या गाळ्याचं शटर अर्धं वर, त्याला जुन्या लुगड्याचा पडदा. आत एका भिंतीला चूल, दुसऱ्या भिंतीला डब्यांची उतरंड. नवरा ट्रकवर होता, तो अपघातात गेला तेव्हा ती घाटंजीकडच्या आपल्या तांड्यावरून मुलीला घेऊन इथे आली होती. समोरच्या दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना ती डबे द्यायची. त्यावर दोघींचं चालत होतं. मुलगी पूनम अकरावी सायन्स होऊन बारावीत जाणार होती. ती जिन्याच्या वळणावर बसून अभ्यास करत होती, कारण अख्ख्या मजल्यावर उजेड तेवढाच.

टेपचं दुसरं टोक धरायला माझ्याबरोबर कुणी नव्हतं, तर शेवंताबाईनंच धरलं.

"मोजून खोली वाढते का, मॅडम?" तिनं विचारलं.

"वाढत नाही."

"मंग कायले मोजून राह्यल्या?"

"इथे खिडकी नाही, म्हणून मोजते."

ती हसली. "खिडकी नाही हे मले न मोजता मालूम हाय."

मी कार्यालयात येऊन अहवाल लिहिला. एकही खिडकी नाही, मजल्याला संडास एक, जिना एक, दाराऐवजी शटर. राहण्यास अयोग्य. मालकाला नोटीस गेली. त्या अहवालातला एक शब्दही मी आज बदलणार नाही.

नोटीस घेऊन गुंडावार आले. धोतर, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "मॅडम, दुकानं तर कोनी घेऊन नाही राह्यलं. लोकं राहायले मागतात. तर तुमी मले घरंच करून द्या नं."

मला इतका आनंद झाला की मी तो लपवलाही नाही. आमच्या गावांत व्यापारी गाळे रिकामे पडलेले आणि माणसं जागा शोधत फिरतात, हे मी रोज बघत होते. उभी इमारत आहे, पाणी आहे, रस्ता आहे, समोर दवाखाना आहे. फक्त तिचं घर व्हायला पाहिजे. त्यांच्या नेमलेल्या इंजिनियरबरोबर मी स्वतः बसले. मागच्या बाजूला कापसाच्या जिनिंगचं जुनं गोदाम भिंतीला खेटून होतं, त्यामुळे मागच्या रांगेला खिडकी काढायला जागाच नव्हती. एकच उपाय होता. इमारतीच्या पोटातले गाळे वरपासून खालपर्यंत काढून टाकायचे आणि मधोमध आभाळाला उघडा चौक करायचा. मग आजूबाजूच्या घरांना त्या चौकात खिडक्या मिळतील. दोन गाळ्यांचं एक घर, शटरच्या जागी भिंत आणि दार, आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक जिना.

"मधले सारे गाळे पाडू म्हनता?" गुंडावार म्हणाले. "बांधलेलं पाडायले सांगून राह्यल्या. मले धंदा शिकवता का, मॅडम?"

ते पिशवी उचलून निघून गेले. दोन दिवसांनी परत आले आणि उभ्याउभ्याच बोलले. "काल दुपारी त्या बोळात जाऊन उभा राह्यलो. लाइट गेलती. माहा हात मले दिसत नोता. अन् गुरुजी तिथं दोन वर्षं राह्यले. पाडा."

मी परवानगीच्या आदेशाचा मसुदा केला. अशा आदेशात अटी असतात. जिना इतका रुंद, टाकी एवढी, वगैरे. शेवटी मी एक जादा अट लिहिली. सध्या राहत असलेल्या चार कुटुंबांना तयार झालेली घरं प्रथम द्यावीत आणि काम दोन टप्प्यांत करावं, म्हणजे अर्ध्या भागाचं काम चालू असताना ती दुसऱ्या अर्ध्या भागात राहू शकतील. गुंडावारांना मी हे तोंडी विचारलंही होतं. "देईन की," ते म्हणाले होते, "दुसऱ्याले कायले देऊ?"

मुख्याधिकाऱ्यांनी मसुदा वाचला. माणूस वाईट नव्हता, हुशार होता. म्हणाले, "मेश्राम मॅडम, ही शेवटची अट कोणत्या नियमाखाली?"

"नियमाखाली नाही, सर. पण ती माणसं..."

"ती माणसं मुळात बेकायदेशीर राहत होती. त्यांची नावं फायलीत आणली की वरून पहिला प्रश्न येईल, नगरपरिषद इतके दिवस काय करत होती? फाइल तिथेच बसेल. मग ना त्यांना घर, ना कुणाला. तुम्हाला घरं व्हायला पाहिजेत ना?"

मला घरं व्हायला पाहिजे होती. त्यांनी अट खोडली नाही, मसुदा माझ्याकडे परत सरकवला. ती मी माझ्या पेनानं खोडली. टप्प्यांचं कामही तिच्याबरोबर गेलं.

त्यानंतर मीच संकुलात गेले. गाळे रिकामे करायची नोटीस चिकटवून येणं सोपं होतं, पण मला वाटलं की स्वतः सांगावं. चारही कुटुंबं जिन्यावर जमली. गुरुजी हात पट्टीत बांधून खालच्या पायरीवर बसले होते. मी नकाशा उलगडून दाखवला. हा चौक, ही खिडकी, हे दार. सगळे वाकून बघत होते. शेवंताबाईनं बोट ठेवून विचारलं, "अन् आमाले किती दिवस बाहेर राहा लागन?"

"तीन महिने," मी म्हणाले. "फार तर तीन महिने."

हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. आदेशाला एक महिना आणि तोडफोडीला दोन महिने, राहण्यापुरतं तेवढ्यात होईल असा माझा हिशेब होता. मी तो पुन्हा एकदा ठासून सांगितला.

"मंग आमी भावाकडं जातो, तांड्यावर," ती म्हणाली. "डब्बे तवरीक दुसरी बाई पाहीन. तीन महिन्यांत गिऱ्हाईक नाही मोडत. तुमच्या शब्दावर जातो, मॅडम. कागद नाही मागत."

त्यांनी आठवड्याभरात गाळे सोडले. गुरुजी मुलाकडे गेले, बाकीची दोन कुटुंबं जिथे जागा मिळाली तिथे. सामान छोट्या टेम्पोत चढवताना शेवंताबाईनं मला चहा दिला. कप सामानात भरून झाले होते, म्हणून स्टीलच्या वाटीत.

माझी चूक काय होती ते मला पंधरा दिवसांत कळलं. आमच्या विदर्भात शहरांतली पुष्कळ जमीन नझूलची असते. नझूल म्हणजे सरकारची जमीन, लोकांना भाडेपट्ट्यानं दिलेली. पट्टा कशासाठी दिला ते त्यात लिहिलेलं असतं. गुंडावारांच्या पट्ट्यात 'दुकानासाठी' लिहिलं होतं आणि त्याची मुदतही संपून गेली होती. मी इमारत इंच इंच मोजली होती. तिच्याखालच्या जमिनीचा कागद मी मागवलाच नव्हता. जे पहिल्या दिवशी बघायचं, ते मी सगळ्यात शेवटी बघितलं. नव्यानं लागलेल्या मुलीला मी जे शिकवत असे, तेच मी विसरले, कारण मी खिडक्यांच्या नादात होते.

पट्टा नवा करायचा, त्यातला उद्देश बदलायचा, मग आमची परवानगी. फाइल जिल्ह्याला गेली, तिथून वर गेली, त्रुटी लागून खाली आली, पुन्हा गेली. मी रजा टाकून तिच्यामागे फिरले. एकदा एका टेबलावरच्या बाबूनं मला विचारलं, "मॅडम, तुमचं काही आहे का त्या बिल्डिंगीत?" मी नाही म्हणाले. "मग एवढं काहून?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

तीन महिने झाले तेव्हा शेवंताबाईचा फोन आला. मी तिला नझूलचं सांगितलं. "हाव, सरकारी काम," ती म्हणाली, "वेळ लागते." सहाव्या महिन्यात पुन्हा आला. मी म्हणाले, आता होतच आलंय. संक्रांतीला आला, होळीला आला. दर वेळी मी तेच सांगत होते आणि दर वेळी ती मलाच धीर देत होती. पुढे पुढे फोनवर तिचं नाव दिसलं की मी तो वाजू द्यायची. मीटिंगमध्ये आहे, जेवते आहे, गाडीवर आहे, असं काहीबाही मनाशी म्हणायची. सांगायला नवीन काही असलं की मीच करेन असं ठरवलं होतं. मग तिचा फोन येणं थांबलं आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

परवानगी मिळाली तेव्हा तीन वर्षं उलटली होती. दरम्यान गुंडावारांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. कारभार मुलाकडे, राजेशकडे आला होता. बापानं सोसलेला खर्च वाया जाऊ नये म्हणून त्यानं काम लगेच हाती घेतलं आणि ते चांगलं केलं, हे मला म्हटलंच पाहिजे.

ज्या दिवशी सगळ्यात वरचा स्लॅब कापून काढला, त्या दिवशी मी तिथे होते. खाली बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर गुंडावारांना आणून बसवलं होतं. वरून मशीनचा आवाज, सिमेंटची धूळ. मग वरचा तुकडा साखळीनं उचलला गेला आणि दुपारचं ऊन तीन मजले उतरून खालच्या फरशीवर पडलं. इमारत बांधल्यापासून तिथे ऊन आलं नव्हतं. ते गुंडावारांच्या पायांवर पडलं. त्यांनी डावा हात पुढे करून उन्हात धरला आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. काय ते कुणाला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नोकरीत मी जे काही केलं, त्यातली सगळ्यात चांगली दुपार ती. त्या दुपारी मला शेवंताबाईची आठवण झाली नाही.

आठवण झाली ती दारं बसली तेव्हा. मी तिचा नंबर लावला. तो बंद होता. मग मी राजेशकडे गेले आणि त्याला सांगितलं की तुमच्या वडिलांनी चार कुटुंबांना शब्द दिलेला आहे.

"बाबांनी कोनाले काय म्हटलं ते मले मालूम नाही, मॅडम," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, नीटच बोलला. "आता त्यांले विचारताही येत नाही. परवानगीच्या आदेशात आहे का तसं? असंन तर मी देतो. इमारतीत भावाचाही वाटा आहे, त्याले दाखवाले तरी होईन."

आदेशात तसं नव्हतं. का नव्हतं ते मी त्याला सांगितलं नाही.

घरं महिन्याभरात गेली. बँकेतला कारकून, दवाखान्यातल्या दोन परिचारिका, एक पशुवैद्य, एक निवृत्त ग्रामसेवक. सगळी सज्जन माणसं, आणि त्यांनाही घराची गरज होतीच. चौकात कुणी तुळस लावली, कुणी दोरी बांधून कपडे वाळत घातले. इतर गावांचे अभियंते ती इमारत बघायला आले. माझ्या निरोप समारंभात मुख्याधिकाऱ्यांनी, तोवर ते दुसरे आले होते, भाषणात तिचा उल्लेख केला. बंद पडलेल्या बाजाराची घरं करणाऱ्या मेश्राम मॅडम, असं म्हणून त्यांनी मला शाल दिली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे पूर्ण दिवस होते. कापूस वेचणीच्या हंगामात एका बाजारच्या दिवशी मी घाटंजीला गेले. तिथे एका मिरच्या विकणाऱ्या बाईला शेवंता राठोडचा तांडा विचारला. तिनं सांगितलं, आणि वर म्हणाली, "शाळेत खिचडी शिजवते तीच ना?" ऑटोनं मी तांड्यावर पोचले.

शेवंताबाईनं मला लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. भावाच्या घराला लागून तिची एक पत्र्याची खोली होती. पत्र्याला मोठी खिडकी कापलेली होती. तिनं मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, मेथी निवडता निवडता बोलत राहिली. शाळेतली पोरं कशी दोनदा वाढून घेतात ते सांगितलं, गुरुजी वारले ते सांगितलं. ते तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. घरं झाली, दुसऱ्यांना गेली, हे मी तिला सांगितलं. अटीचंही सांगितलं, कुणी खोडली तेही. तिनं मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, "तुमी येऊन सांगितलं. कोन सांगते एवढ्या दुरून येऊन?" मी त्यासाठी गेले नव्हते, निदान तिच्याकडून हे ऐकायला तरी नाही. तिनं रागवायला पाहिजे होतं.

तेवढ्यात पूनम शेतातून आली. कमरेला कापसाची ओटी, मागे तीन-चार वर्षांची मुलगी. "याडी, कोन आलं?" तिनं आईला विचारलं आणि मग मला बघितलं. नमस्कार केला, चहा ठेवला. मी तिला काय करतेस विचारलं तर, "वेचायले जाते," एवढंच.

परतताना फाट्यापर्यंत ती माझ्याबरोबर आली. आईनं पाठवली होती. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं. निम्मा रस्ता मागे पडला. मग मीच म्हणाले, "पूनम, शिक्षण सुटलं त्याला मी कारण आहे."

"नाही," ती म्हणाली. "घर सुटलं त्याचं काही नाही. घाटंजीले कॉलेज होतंच. मामाच्या घरून एसटीनं येनंजानं करता आलं असतं."

"मग?"

"तुमी तीन महिने म्हनलं होतं नं. तीन महिन्यांसाठी कॉलेज कोन बदलते? मी पुस्तकं पोत्यातून काढलीच नाही, पुन्हा बांधा लागतील म्हनून. तीन झाले, मंग सहा झाले. तुमी म्हनत होत्या, होतच आलं. तितक्यात बारावीचे फॉर्म भरून झाले. मंग मामानं पाहुणे आनले." ती चालायची थांबली नाही. आवाजात राग नव्हता, हिशेब सांगावा तसं सांगत होती. "तुमी पहिल्याच दिवशी तीन वर्षं म्हनलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी घाटंजीले नाव टाकलं असतं."

फाटा आला. दुरून एसटी येताना दिसली. पूनमनं रस्त्यात पुढे होऊन हात केला, गाडी थांबली. पायरी उंच होती आणि माझा गुडघा वाकत नव्हता. तिनं मला दंडाला धरून वर चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "मॅडमले खिडकीजवळ जागा द्या."